पत्त्याचा रकाना

सात नंबरच्या खिडकीवर पत्त्याशिवाय फाइल उघडत नाही.
राज्य, जिल्हा, तालुका, पिन.
बाई म्हणाली, जिल्हा कुठला सांगू,
जन्मले तेव्हाचा, की निघाले तेव्हाचा?
म्हणजे तिच्या भाच्यानं ते इंग्रजीत सांगितलं.
तिचं नाव आयो. रस्त्यात जन्मली म्हणून आयो.
कुठल्या रस्त्यात, याला रकाना नव्हता.

मी म्हटलं, कुठे आलं हे?
युगांडाच्या पार वर, तो म्हणाला.
तेवढ्यात काचेच्या फटीतून तिचा हात आत आला,
माझा स्टेपलर उचलून पालथा ठेवला.
डोंगर. नुसता खडक, झाड नाही.
फाइलीची लाल नाडी सोडून वाकडी अंथरली.
नदी. पाऊस आहे तोवर नदी, मग रेती.
शिक्क्याचं पॅड म्हणजे दलदल,
तिथून हत्ती येतात
आणि तीळ तुडवतात.
तीळ मला भाच्याच्या आधी कळला,
चिमटीत धरून दाखवला तिनं.

मागून कुणीतरी म्हणालं, मॅडम, लाइन.

मग तिनं टाचण्यांची डबी पुढे ओढली.
झाकण उघडलं नाही, नुसती हलवली.
हे शिबिर, भाचा म्हणाला. अकरा वर्षं.
लढाई होती. हुकूम आला, दोन दिवसांत गाव सोडा.
झोपडीला झोपडी टेकलेली,
एक पेटली की चाळीस जायच्या.
आपलं शेत दिसायचं, जायचं नाही.
माझा जन्म ह्यातला, तो म्हणाला,
आणि डबी माझ्याकडे सरकवून दिली.

परतले तर बांध गेलेला.
कुठून कुठवर कुणाचं, हे सांगणारे म्हातारे
शिबिराच्याच मातीत.
एक झाड तेवढं तिच्या ओळखीचं,
बी ठेचून तेल निघतं, गारठ्यात थिजतं.
मी म्हटलं, मोह?
तिला मोह माहीत नव्हता, मला तिचं झाड.
पण हाताने ठेचायची रीत
आमच्या आत्याचीच होती, तीच, मनगट वळवून.
तेही झाड तोडलं. कोळशाचे ट्रक
रात्रीचे जातात शहराकडे, ताडपत्री बांधून.
शिबिरातून आईची हाडं तिनं घरी आणली
नव्या चादरीत. एक बकरी लागली, एक दिवस लागला.

आणि जिल्हा?
जिल्ह्याचे दोन झाले, ती अंगणात तीळ पाखडत होती.
कुणी विचारलं नाही.
नवं कचेरीचं घर, नवा फलक, दवाखान्याला मात्र
पूर्वीपेक्षा लांब जावं लागतं.

मी हसले. हसायला नको होतं.
मोखाड्याची आहे मी. शाळेच्या दाखल्यावर माझा जिल्हा ठाणे,
लेकीच्या दाखल्यावर पालघर,
घर एकच, दारातली चिंचही तीच.
आमच्या धरणाचं पाणी ह्या इमारतीच्या नळाला येतं
आणि आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर.
हे तिला कसं सांगू? मी पाण्याची बाटली उचलली,
स्टेपलरच्या पलीकडे ठेवली, म्हटलं, मी. इथे.
भाच्यानं भाषांतर केलं नाही.
तिनं नाडीचं टोक बाटलीपर्यंत ओढलं.

कॉम्प्युटरच्या यादीत तिचा जिल्हा नाही,
जुनाही नाही, नवाही नाही. शेवटी "इतर".
पिन कोड सहा आकडी, सक्तीचा.
शून्यं घेत नाही, रिकामं घेत नाही.
साहेब जेवायला गेलेले.
मी आमच्या गावचा घातला.

ती गेली एक्सरेच्या रांगेत.
नाडी मी फाइलीला बांधली, टाचण्या ड्रॉवरमध्ये टाकल्या,
मग ड्रॉवर उघडून डबी परत वर ठेवली.

आता ह्या बाईचा रिपोर्ट कधी चुकून पोस्टात पडला,
तर आमच्या भावाच्या दारात जाईल.
त्याला इंग्रजी येत नाही.
तो लिफाफा उलटसुलट करील,
आणि सही करून ठेवून घेईल.